जाड ऊतींच्या पोटात डोकावताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो. कागद उजेडाकडे धरला, की तेवढाच भाग उजळतो. तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतलेली असते. तंतू आणि तेल यांचा अपवर्तनांक जवळचा, म्हणून प्रकाश फारसा विखुरत नाही. ऊतीचा जाड तुकडा प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तर हेच तत्त्व कामी येते.

गैरसमज : लेसरची तीव्रता वाढवली, की खोलवरचे दिसते.
वस्तुस्थिती : अडचण प्रकाशाच्या विखुरण्याची आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, तर मेद आणि प्रथिनांचा साधारण 1.45 किंवा अधिक. या दोहोंच्या प्रत्येक सीमेवर किरण वाट सोडतो. त्यामुळे पारदर्शक न केलेल्या ऊतीत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची नजर सुमारे 100 मायक्रोमीटरपर्यंतच पोचते. तीव्रता वाढवल्याने वरच्या थरातले रंग मात्र लवकर विझतात.

गैरसमज : ऊती पारदर्शक करणे ही अलीकडची युक्ती आहे.
वस्तुस्थिती : जर्मन शरीररचनातज्ज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्ट्झ यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे साधले होते. 2013 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या ‘क्लॅरिटी’ पद्धतीने पुढची पायरी गाठली : प्रथिने जेलच्या जाळीत धरून ठेवायची आणि मेद धुऊन काढायचा.

गैरसमज : पारदर्शक करणारे कोणतेही द्रावण चालते.
वस्तुस्थिती : सेंद्रिय द्रावक वापरण्यापूर्वी ऊतीतले पाणी काढावे लागते आणि त्यात जीएफपीसारख्या (हिरव्या रंगात चमकणाऱ्या) प्रतिदीप्त प्रथिनांची चमक मंदावते. ती जपायची असेल, तर पाण्यावर आधारित द्रावणे बरी. फ्रुक्टोजचे पाकासारखे दाट द्रावण त्यांपैकीच एक.

गैरसमज : अँटिबॉडीत रात्रभर ठेवले, की काम झाले.
वस्तुस्थिती : प्रतिदीप्त रंग जोडलेली अँटिबॉडी हव्या त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवते. पातळ कापाला रात्र पुरते. पण रेणू झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : जाडी दहापट, तर वेळ ढोबळमानाने शंभरपट. म्हणून डिटर्जंटने पेशींची पटले सैल करतात आणि तुकडा कित्येक दिवस अँटिबॉडीत ठेवतात. घाई केली, तर कडा लखलखीत आणि मध्य काळा दिसतो. ‘मध्यभागी हे प्रथिनच नाही’ असा निष्कर्ष तिथे निघाला, तर तो साफ चुकीचा असू शकतो. तशी शंका आली, की तुकडा मधोमध कापावा आणि कापलेली बाजू पुन्हा रंगवावी. आता मध्यही चमकला, तर तिथे प्रथिन होतेच. आपली अँटिबॉडीच तिथवर पोचली नव्हती.