हिशेब विचारायची हिंमत

चंद्रपूरला अकाउंट्स शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, "इतक्या वर्षांच्या नोकरीत काय पाहिलंस?" म्हणाली, "पोरी ताळेबंद जुळवतात गं, पण घरातला पैसा कुठं जातो, ते विचारत नाहीत."

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. तिथं निर्णय सर्वांच्या संमतीनं होतात. त्याच धानोरा तालुक्यातली बचत गटाची अध्यक्ष मला म्हणाली, "ताई, आधी अंगठा लावत होती. आकडे पोरानं शिकवले, विचारायचं मात्र गटानं शिकवलं."

मी वीस वर्षं किराण्याची वही लिहिते. घराचं कर्ज किती उरलंय, हे कधीच विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. मैत्रिणींनो, तुम्ही कधी विचारणार?