खतावणीतला वेताळ आणि कचारगडचा लिंगो

हिवाळ्याच्या अखेरीस चिरंजीवांचा फोन आला. नातू दहावीत गेला तरी खोलीच्या भिंतीवर मुखवटेधारी वीरांची चित्रे तशीच आहेत. दुकानात बसवले तर गल्ल्याशेजारी वही ठेवून परग्रहांवरची युद्धे लिहीत बसतो. 'तुम्ही त्याला एकदा समजावून सांगा', असा आग्रह. मी होकार दिला; परंतु मनात थोडी चोरी होती. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी गोंदियाच्या आमच्या धान्याच्या पेढीवर खतावणीच्या आत इंद्रजाल कॉमिक्स ठेवून वाचणारा मुलगा मीच होतो. बाबूजींनी एकदा पकडले. रागावले नाहीत, एवढेच विचारले, 'आजचा रोजमेळ जुळला का?' तो जुळलेला नव्हता.

टाइम्स समूहाने 1964 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेची मराठी आवृत्तीही निघे आणि तिच्यातला वेताळ आम्हा मुलांचा प्राण होता. आज वाटते, व्यापारी घरातल्या मुलाला तो एवढा जवळचा वाटावा याला कारण होते. वेताळाकडे कोणतीही दैवी शक्ती नाही. लोक त्याला अमर समजतात. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तोच वेष चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो, तीच शपथ घेतो. आपण वाचतो तो एकविसावा. म्हणजे ही एकवीस पिढ्यांची पेढीच म्हणायची! पाटी तीच, गादी तीच आणि ग्राहकाला मालक बदलल्याची शंकाही येत नाही. अशा पेढीतून एखाद्या पिढीने 'मला हे करायचे नाही' म्हटले तर काय होते, हे मात्र त्या अंकांत वाचल्याचे मला आठवत नाही. मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो तेव्हा आमच्या घरी काय झाले, ते मला ठाऊक आहे. पेढी पुढे धाकट्या बंधूंनी आणि आता माझ्या चिरंजीवांनी सांभाळली. असो.

नातवाला घेऊन मी एका रविवारी दरेकसा गाठले. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपता संपता, सालेकसा तालुक्यातले हे छोटे स्थानक. जवळच रेल्वेचा बोगदा, हाजरा धबधबा आणि चहूकडे डोंगर. डब्यात खाकरे, ठेपले होते. सूर्यास्तापूर्वी परतायचे ठरले होते.

गाडीतच वादाला तोंड फुटले. नातवाचा आवडता खलनायक थॅनॉस. साधने अपुरी, खाणारी तोंडे जास्त. म्हणून तो विश्वातले निम्मे सजीव नाहीसे करतो. 'दादाजी, त्याचा हेतू चूक होता का?' मी म्हटले, हेतूचे नंतर पाहू, आधी हिशेब पाहू. निम्मे सजीव गेले म्हणजे निम्मे शेतकरी, निम्मे हमाल, निम्मे गिरणीवालेही गेले. मागणीबरोबर पुरवठाही घटला. मग शिल्लक कुठून वाढणार? शिवाय आपल्याकडे परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे. त्यात मनुष्य आपल्या गरजांना मर्यादा घालतो, शेजाऱ्याच्या आयुष्याला नव्हे. नातू हसला, पण गप्प झाला.

महानायकांच्या चित्रपटांविरुद्ध माझी मुख्य तक्रार बँकवाल्याचीच आहे. शहरे कोसळतात, पूल तुटतात, नायक उडून जातो. भरपाई कोणाच्या खात्यातून? म्हणूनच 2016 चा 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' मला पुष्कळ बरा वाटला. तेथे नायकांनाच प्रथम जाब विचारला जातो आणि त्या जाबावरून त्यांच्यात फूट पडते. बाकी बहुतेक चित्रपटांत अखेरची अर्धी घटका नुसती आदळआपट असते. तेवढ्यात मी डुलकी काढतो.

या आदळआपटीला उतारा म्हणून मी नातवाला डॉ. जयंत नारळीकरांकडे वळवले आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, ती आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून. नावाच्या वजनावर पारितोषिक नको, हा त्यामागचा विचार. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगभर कीर्ती असलेल्या खगोलशास्त्रज्ञाने स्पर्धकांच्या रांगेत निनावी उभे राहावे, यापरता सचोटीचा धडा मी तरी बँकेच्या प्रशिक्षण वर्गांत ऐकला नाही. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जातात, जेथे विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे जिंकतात. परत येताना त्यांच्या खिशात बखरीचा एक कागद उरतो. हा कागद मला फार आवडतो. कल्पनेची झेप कितीही उंच असो, व्हाउचर जोडलेले आहे! 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले त्या संध्याकाळी मी ही कथा पुन्हा वाचली.

कल्पनेला कारण जोडण्याची ही सवय आपल्याकडे मुळीच नवी नाही. विमलसूरींचे 'पउमचरियं' ज्या प्राकृतात आहे, ती महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वजच. त्यात रावणाला दहा डोकी नाहीत. बालपणी गळ्यात घातलेल्या हारातील रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. वानर हे वानर नव्हेत, ज्यांच्या ध्वजावर वानर आहे असे विद्याधर. रावणाला राम मारत नाहीत, लक्ष्मण मारतो. आणि विजयी लक्ष्मणाच्या वाट्याला नरकगती येते. नायकाच्या खात्यावर हिंसेची नोंद इतकी चोख ठेवणारी कथा मला इतरत्र क्वचितच आढळली.

दरेकसाहून धनेगावमार्गे आम्ही कचारगडला पोहोचलो. माघ पौर्णिमेची यात्रा नुकतीच आटोपली होती. हे स्थान गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. तेथील गाथेला करमणूक म्हणणे मला उचित वाटत नाही आणि गुहेच्या तोंडाशी नातवाला मी तेच प्रथम सांगितले. जोडे काढून आम्ही बसलो. मग गाथा सांगितली. काली कंकालीची तेहेतीस मुले शंभूने या गुहेत कोंडली आणि दारावर प्रचंड शिळा लावली. पहांदी पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला आले. सोबत हिरासुका पाटालीर हा वादक होता. त्याने वाद्य छेडले, आतल्या मुलांनी त्या नादाला साद दिली आणि शिळा सरकली. परंतु तिच्याखाली सापडून हिरासुका गेला. लिंगोंनी पुढे त्या मुलांना शिकवले आणि गोत्रांची व्यवस्था लावून दिली.

नातू बराच वेळ शिळांकडे पाहत होता. 'कोणाला मारलंच नाही?' त्याने विचारले. नाही मारले. 'आणि वाजवणारा गेला.' हो.

परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर त्याने पहिल्यांदा आपली वही माझ्या हाती दिली. त्याच्या कथेतला नायक धान्याच्या दुकानात बसतो, हे वाचून मी चमकलो. दिवसा तराजू, रात्री परग्रहवासीयांशी युद्ध. दुकान सोडायचे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. चौथ्या पानावर युद्धात नदीवरचा पूल पडतो. मी पेन्सिलीने तेथे फुली केली आणि समासात लिहिले, 'खर्च कोणी केला?'

त्याने वही परत घेतली आणि गाडी येईपर्यंत लिहीत राहिला. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला, 'समजावलं का?' मी म्हटले, काम चालू आहे. उद्या त्याला दुकानात पाठवतो, मात्र वही काढून घेऊ नकोस.