१६ सायकी: खरंच सोन्याचा लघुग्रह आहे का?

‘या लघुग्रहात एवढं सोनं आहे की पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल!’ असा मेसेज किंवा रील तुमच्यापर्यंतही पोचलं असेल. लघुग्रह खरा आहे, नासाचं यान तिकडे निघालंय हेही खरं आहे. सोन्याचं मात्र तसं नाही. का, ते मी सोप्या भाषेत सांगतो.

शोध कधी लागला?

१७ मार्च १८५२ रोजी आजच्या इटलीतल्या नेपल्स शहरात आन्नीबाले दे गास्पारीस या खगोलशास्त्रज्ञांना तो दुर्बिणीतून दिसला. सापडलेला सोळावा लघुग्रह म्हणून नावाआधी १६. सायकी ही ग्रीक कथांमधली आत्म्याची देवी. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य लघुग्रह पट्ट्यात तो फिरतो. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे ५ वर्षं लागतात, पण स्वतःभोवतीची गिरकी तो जेमतेम ४ तास १२ मिनिटांत पूर्ण करतो. आकार बटाट्यासारखा ओबडधोबड, सर्वात रुंद जागी सुमारे २८० किलोमीटर.

मग ‘धातूचा’ का म्हणतात?

पृथ्वीवरून सोडलेल्या रडार लहरी सायकीवर आपटून परत येतात, तेव्हा साध्या खडकाळ लघुग्रहांच्या तुलनेत जास्त जोरदार येतात. धातू या लहरी चांगल्या परतवतो. त्यावरून असा अंदाज निघाला की हा एखाद्या अर्धवट घडलेल्या ग्रहाचा गाभा असावा आणि टकरींमध्ये वरचं कवच उडून गेलं असावं. पण इथे धातू म्हणजे मुख्यतः लोखंड आणि निकेल, सोनं नाही.

वजन कसं केलं?

एखादा दुसरा लघुग्रह सायकीजवळून जातो, तेव्हा सायकीच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याची वाट किंचित बदलते. ती किती बदलली, यावरून सायकीचं वस्तुमान काढतात. त्याला आकारमानाने भागलं की घनता मिळते, शाळेत शिकलो तीच. एका घन सेंटीमीटरमागे:

- पाणी: १ ग्रॅम
- साधा खडक: साधारण ३ ग्रॅम
- सायकी: सुमारे ४ ग्रॅम
- लोखंड: ७.९ ग्रॅम

म्हणजे सायकी हा लोखंडाचा भरीव गोळासुद्धा नाही. सध्याच्या अंदाजानुसार त्यात ३० ते ६० टक्के धातू असावा, बाकी खडक आणि पोकळ्या.

तो प्रचंड आकडा कुठून आला?

या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनी सायकीतल्या लोखंडाची किंमत गंमत म्हणून काढली होती: १ वर १९ शून्यं, इतके डॉलर! पण ते लोखंड पृथ्वीवर आणायचं तंत्रज्ञान आज कोणाकडेच नाही. समजा आणलंच, तर बाजारात एवढा माल आल्यावर भाव कोसळणारच. त्यामुळे असा फॉरवर्ड दाखवून कोणी ‘स्पेस मायनिंगमध्ये पैसे लावा’ म्हणालं, तर सरळ दूर राहा.

खरं उत्तर कधी मिळेल?

१३ ऑक्टोबर २०२३ ला निघालेलं ‘सायकी’ यान ऑगस्ट २०२९ मध्ये तिथे पोचणं अपेक्षित आहे. ते लघुग्रहाभोवती फिरत फोटो काढेल, चुंबकीय क्षेत्र मोजेल आणि पृष्ठभागातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून तिथे कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखेल. तोपर्यंत ग्रुपवर सोन्याचा मेसेज आला, तर घनतेचे वरचे चार आकडे पाठवून द्या.