डबा उघडण्याआधी रक्त तपासलं का?

पहाटे साडेपाचला वरोऱ्यात दोघंच जागे असतात. एक चहाची टपरी आणि दुसरी भरतीची पोरं-पोरी. पायात घासलेले बूट, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच आणि डोक्यात एकच हिशोब. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, सगळं मिळून ५० मार्क. एकेका सेकंदावर नोकरी अडलेली. तुम्हीही कदाचित त्यांच्यातलेच असाल, किंवा तुमचा रूम पार्टनर तरी नक्की असेल.

परवा अशाच एका ग्रुपसोबत मैदानावर थांबले होते. राउंड संपला, पोरं बसली, बॅगेतून शेकर निघाले. एकाला विचारलं, "किती टाकतोस?"

"दोन माप. सिनिअर म्हणे, भरती जवळ आली का तीन टाकत जा."

"आणि जेवण?"

"सकाळी चहा-बिस्किट. दुपारी खानावळीचा डबा. रात्री त्यातलंच उरलेलं."

"रक्त कधी तपासलंस?"

तो हसला. "त्याचा काय संबंध ताई? मी का बिमार हावो का?"

संबंध आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तर इतर बऱ्याच जिल्ह्यांपेक्षा जरा जास्तच आहे. कसा, तेच सांगते.

दोन डब्यांचा हिशोब

आधी पावडरच्या डब्याकडे बघू. व्हे प्रोटीन ही काही जादू नाही. दूध फाडून पनीर किंवा चीज काढल्यावर जे पाणी उरतं, त्यातलं प्रथिन वेगळं करून वाळवलं की झाली पावडर. म्हणजे मुळात दुधाचाच भाग. ती चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. तुम्हाला तिची गरज आहे का, हा खरा प्रश्न.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन ६० किलो असेल तर साधारण ५० ग्रॅम. रोज धावणाऱ्याला, वजन उचलणाऱ्याला जास्त लागतात, म्हणजे किलोमागे १.२ ग्रॅम आणि त्याच्या पुढे. ६० किलोच्या पोराला ७२ ग्रॅम धरा.

आता खानावळीच्या डब्याकडे या. दिवसभराचा भात आणि पोळ्या मिळून ३०० ग्रॅम धान्य पोटात गेलं तर त्यातून पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. ६० ग्रॅम डाळीतून १३. दोन अंड्यांतून १२. मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाण्यांतून १२-१३. एक ग्लास दुधातून ६. झाले ७०. अंडी खात नसाल तर ३० ग्रॅम सोयावडी घ्या, तिच्यात १५ ग्रॅम असतात. ज्या तालुक्यात सोयाबीनची पोती भरून बाजारात जातात, तिथल्या पोरांनी प्रथिनांसाठी हजारोंचा डबा उधारीवर घ्यावा, हे जरा विचित्रच नाही का?

अडचण कुठे आहे, तेही मला माहीत आहे. खानावळीच्या डब्यात डाळ नसते, डाळीचं पाणी असतं. म्हणजे बिघाड पहिल्या डब्यात आहे आणि आपण दुरुस्ती दुसऱ्या डब्याने करतोय. शेकरमधलं प्रथिन बिस्किटावर काढलेल्या दिवसाची भरपाई करत नाही. त्यात ना पालेभाजीतलं फोलेट, ना डाळीतला चोथा, ना दिवसभर पुरेल एवढी ऊर्जा. पोटात पुरेसं धान्य नसेल तर शरीर महागडं प्रथिनसुद्धा जळण म्हणून जाळून टाकतं.

याच पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सरळ सांगितलंय की शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा. त्याच वर्षी केरळातल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांची जी माहिती छापली होती, ती आतल्या मालाशी जुळत नव्हती. काहींमध्ये बुरशीचं विष सापडलं, काहींमध्ये कीटकनाशकाचे अंश. हे लेबल लावलेल्या मालाचं. मग जिममध्ये सुट्या पिशवीत मिळणाऱ्या, "पंधरा दिवसांत फरक बघ" म्हणून दिल्या जाणाऱ्या मालात काय असेल? एवढ्या लवकर फरक पडत असेल तर तो बहुतेक प्रथिनांचा नसतो. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, आणि यकृत, हृदय, रक्तदाब यांचं बिल काही वर्षांनी येतं. तोवर भरतीही होऊन गेलेली असते.

"रक्त कमी आहे" म्हणजे नेमकं काय?

आता मुलींकडे वळते. कारण पोरांच्या बॅगेत पावडर असते, तर आपल्या बॅगेत लाल टॉनिक.

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना अॅनिमिया आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी आठवते? लोह आणि फोलिक अॅसिडची. ती योजना याचसाठी आहे आणि लाखो मुलींना तिचा उपयोगच होतो. लोह कमी असेल तर लोह घ्यायलाच हवं, त्यात वाद नाही.

पण माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट ऐका. नाव लिहू नको म्हणाली. गडचिरोली जिल्ह्यातली आहे. लहानपणापासून डोळे पिवळट, हातपाय दुखायचे, थोडं चाललं की दम लागायचा. "रक्त कमी आहे" म्हणून प्रत्येक वेळी लोहाचं टॉनिक मिळालं. आई हट्टाने प्यायला लावायची. कॉलेजात आल्यावर एका शिबिरात रक्त दिलं तेव्हा कळलं, तिला सिकलसेल आहे. ती मला म्हणाली, "इतकी वर्षं मले वाटे, मीच आळशी हावो."

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. ऑक्सिजन कमी पडला की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. वेदना तिथून येते. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी. म्हणजे इथे कच्च्या मालाचा तुटवडा असेलच असं नाही, तयार मालच टिकत नाही. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्यात तर ते साचत जातं, आणि साचलेलं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. वर्षानुवर्षं ते यकृतात आणि हृदयात जमा होतं. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर फोलिक अॅसिड देतात, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया देतात. लोह मात्र तपासणी करून, खरंच कमी असेल तरच.

बाहेरून दोघींचं दुखणं सारखंच दिसतं. दोघी फिकट, दोघी थकलेल्या. एकीला लोह औषध आहे, दुसरीच्या शरीरात ते कदाचित ओझं होईल. फरक फक्त रक्ताची तपासणी सांगते.

रेशनच्या पोत्यातलं सप्लिमेंट

"मी काहीच घेत नाही" असं म्हणत असाल, तर जरा थांबा. घरी रेशनचा तांदूळ येतो ना?

त्यात काही दाणे वेगळे दिसतात. अनेक गावांत लोकांनी ते "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकले. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक अॅसिड आणि जीवनसत्त्व ब-१२ मिसळून त्याचे पुन्हा दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात टाकतात. एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. देशभर लागू होण्याआधी ही योजना काही मोजक्या जिल्ह्यांत करून बघितली गेली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता गडचिरोली.

गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे. सिकलसेलचं प्रमाण जास्त असलेल्या पट्ट्यातच लोहाचा तांदूळ आला. अशा पाकिटांवर पूर्वी सूचना असायची की थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली आणि सिकलसेलच्या रुग्णांनी हे खाऊ नये. सुट्या रेशनवर ती सूचना वाचणार कोण, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी न्यायालयापर्यंत नेला. पुढे तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास केला, तांदळातलं लोह एवढं कमी आहे की अशा रुग्णांनाही त्याचा धोका नाही असं सरकारने सांगितलं आणि २०२४ मध्ये ती सूचना काढली.

म्हणजे घाबरून भात सोडू नका. ते दाणे फेकूही नका. पण एक विचारा. तांदळातल्या काही मिलिग्रॅम लोहावर देशात एवढी चर्चा झाली, तर आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ६०-१०० मिलिग्रॅमची गोळी उचलून आणतो, तेव्हा किती विचार करतो?

वाहक असाल आणि धावत असाल तर

मैदानावरच्या त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

सिकलसेलचे रुग्ण वेगळे आणि वाहक वेगळे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस वाहक. त्याला सहसा काहीच त्रास नसतो. तो धावू शकतो, खेळू शकतो, भरतीही मारू शकतो. त्यामुळेच त्याला कळत नाही. पण भर उन्हात, अंगात पाणी कमी असताना जीव तोडून धावलं तर वाहकाच्याही पेशी वाकड्या होऊ शकतात, स्नायू मोडायला लागतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जीवावर बेततं. अमेरिकेत २००६ मध्ये एक कॉलेज फुटबॉलपटू सरावानंतर असाच गेला. तो वाहक होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंसाठी ही तपासणी लागू झाली. वाहकाला संघातून काढायचं नाही, फक्त त्याचा सराव सांभाळायचा: हळूहळू वेग वाढवणं, मध्ये थांबणं, पाणी.

ऊन तर वाहक नसलेल्यालाही सोडत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले होते, ते आपण विसरलेलो नाही. आणि आपला चंद्रपूरचा मे महिना काय असतो, ते मी सांगायला नको. अशा उन्हात रिकाम्या पोटी कॅफिनने भरलेलं प्री-वर्कआउट घेऊन धावणं म्हणजे थकल्याची घंटाच बंद करून टाकणं. थकवा तसाच असतो, तो फक्त ऐकू येत नाही.

लाखोळीचा धडा

शरीर हिशोब लगेच मागत नाही, हे आपल्या झाडीपट्टीला नवीन नाही. धानाच्या बांधीत उभ्या पिकातच टाकली जाणारी लाखोळी आपल्या आजीने खाल्ली, आपणही खातो. प्रथिनांनी भरलेली, पाण्याशिवाय येणारी, गरिबाची डाळ. पण तिच्यात एक विषारी घटक असतो. दुष्काळात, मजुरीत ज्यांना महिनोनमहिने लाखोळीशिवाय दुसरं काही मिळालंच नाही, त्यांतल्या काहींचे पाय कायमचे आखडले. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नंतर शास्त्रज्ञांनी कमी विषाचे वाण काढले, आणि भिजवून पाणी फेकलं तर विष कमी होतं हेही सिद्ध झालं.

भाताबरोबर, भाजीबरोबर, इतर डाळींबरोबर ती खाणाऱ्या घरांत पाय आखडले नाहीत. ताटात तिच्याशिवाय काहीच नव्हतं, तिथे आखडले. फरक ताटाचा होता. बिस्किट आणि शेकरवर दिवस काढणाऱ्या पोराला माझं हेच सांगणं आहे.

उद्या सकाळी काय करायचं?

- उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासा. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची सिकलसेल तपासणी सुरू आहे.
- पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करूनच थांबा. रुग्ण की वाहक, ते तिथे कळतं. कार्ड मिळालं तर जपून ठेवा. जोडीदार निवडतानाही ते कामी येईल: दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.
- लोहाची गोळी किंवा टॉनिक डॉक्टरला विचारून. लोह निघालं कमी तर मात्र कोर्स अर्ध्यावर सोडू नका.
- खानावळवाल्या काकूंना चार जणांनी मिळून सांगा: भाजी एक कमी चालेल, वरण घट्ट पाहिजे.
- तरीही पावडर घ्यायचीच असेल तर बंद डबा, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि पक्कं बिल. सुटी पिशवी नाही.

मैदानावरच्या त्या पोराने परवा मेसेज केला. रक्त देऊन आला, रिपोर्ट यायचाय. खाली लिहिलं होतं, "तोवर तिसरं माप बंद. फुटाणे सुरू."

तुमचा मेसेज कधी?