भिंतीवरील फलक : पत्रा घ्यावा की प्लायवूड?

दाखल्याचे शुल्क किती, हे पाहण्यासाठी एखादा ग्रामस्थ पंचायतीच्या फलकासमोर उभा राहतो आणि नेमका शुल्काचा आकडाच रंगाच्या पापुद्र्यासह गळून पडलेला असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये माहिती पोहोचविण्याच्या साधनांत सूचना फलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. अक्षरेच उरली नाहीत तर त्या ग्रामस्थाला विचारत फिरावे लागते आणि पंचायतीला त्याच फलकाचा खर्च पुन्हा करावा लागतो.

दोष बहुधा पेंटरच्या माथी मारला जातो. वास्तविक फलक समोरून क्वचितच बिघडतो. पाणी शिरते ते कापलेल्या कडांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि पाठीमागच्या ओलसर भिंतीतून. म्हणून दर विचारण्यापूर्वी पाण्याची वाट पाहिली पाहिजे.

हार्डबोर्ड व एमडीएफ स्वस्त खरे; परंतु पावसात ते फुगतात. बाहेरच्या कामासाठी त्यांचा विचार न केलेला बरा. प्लायवूडवर अक्षर चांगले वळते; मात्र त्यावरील छाप पाहून घ्यावा. 'एमआर' छापाचे प्लायवूड घरातल्या कामाचे असते. ओसरीत 'बीडब्ल्यूआर' चालेल. उघड्यावर भारतीय मानक ७१० चे सागरी प्लायवूड घ्यावे. तेही कडा, भोके व पाठ रंगवूनच लावावे. पाठ कोणाला दिसत नाही म्हणून ती कोरी सोडली जाते आणि फळी वाकते.

बहुतेक पंचायतींना परवडणारा आणि टिकणारा पर्याय म्हणजे अँगलच्या चौकटीवर बसविलेला जस्ती पत्रा. त्याची एक खोड मात्र आहे. ऑइल पेंटमधील तेलकट घटकांची जस्ताशी प्रक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. लोखंडासाठीचा नेहमीचा लाल प्रायमर येथे उपयोगी नाही. पत्रा धुऊन, त्याचा तेलकटपणा काढून, पॉलिश पेपरने हलका घासावा व जस्तासाठीचा एच प्रायमर मागून घ्यावा.

कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने जस्ती पत्र्याच्या कापलेल्या कडा लवकर गंजतात. तेथे एसीपी, म्हणजे मध्ये प्लॅस्टिक व दोन्ही बाजूंस पातळ ॲल्युमिनियम असलेला तक्ता, महाग पडला तरी घेण्याजोगा आहे. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग घासल्याशिवाय रंग धरत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. उन्हात तक्ता प्रसरण पावतो, म्हणून भोके किंचित मोठी पाडावीत.

मापाचा विचार आधी केल्यास पैसा वाचतो. पत्रा किंवा प्लायवूड सामान्यतः ८ × ४ फुटांचे, म्हणजे ३२ चौरस फूट मिळते. ४ × ४ फुटांचे दोन अथवा ४ × २ फुटांचे चार फलक त्यातून तुकडा वाया न जाता निघतात. ५ × ३ फुटांचा फलक मागितला, तर एकच निघतो आणि १७ चौरस फूट उरते.

फलक भिंतीला चिकटवून ठोकू नये. मागे अर्धा इंच जागा सोडावी, म्हणजे ओल सुकते. अंदाजपत्रकात प्रायमर आणि पाठीचे रंगकाम यांच्या ओळी स्वतंत्र दाखवाव्यात. दर कमी करण्याच्या घासाघिशीत प्रथम गळतात ती हीच दोन कामे.