दमा आणि माझे दोन पंप

मला दमा आहे. काही मुले म्हणतात, "हिच्याजवळ बसू नका, आपल्यालाही होईल." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. दमा हा लागणारा रोग नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या असतात. दम्यात त्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत कफ साचतो. वाट अरुंद होते. मग छाती दाटते, खोकला येतो, श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. रात्री आणि पहाटे जास्त त्रास होतो.

दमा कशाने उठतो? प्रत्येकाचे कारण वेगळे असते. मला धानाच्या चुरण्याची धूळ, चुलीचा धूर, सर्दी आणि हिवाळ्यातली बांधावरची थंड हवा सोसत नाही. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हाही खोकला सुरू होतो. म्हणून मी तणसाच्या ढिगावर खेळत नाही. आमच्या घरी डासांसाठी कॉईल जाळत नाहीत, मच्छरदाणी लावतात.

माझ्याकडे दोन पंप आहेत. निळा पंप दम लागला की घ्यायचा. त्यातले साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते आणि काही मिनिटांत बरे वाटते. तपकिरी पंप सूज कमी करतो. तो बरे वाटत असले तरी रोज घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची.

मागच्या दिवाळीनंतर माझी चूक झाली. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "पंपाची सवय लागते गं." मला तर काहीच त्रास नव्हता. मी तपकिरी पंप बंद केला आणि आईला सांगितलेच नाही. चुरण्याच्या दिवसांत एका रात्री इतका दम लागला की मला बोलता येईना. बाबांनी निळा पंप दिला, तरी दवाखान्यात न्यावे लागले. तिथे डॉक्टर म्हणाले, "बेटा, पंपाची सवय लागत नाही. औषध सरळ नळ्यांत जाते, म्हणून थोडेसेच पुरते. पण मनाने बंद करायचे नाही."

कोणाला दम लागला तर त्याला झोपवू नका, भोवती गर्दी करू नका. ताठ बसवा आणि त्याचा पंप द्या. पंपाने उतरत नसेल, बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करा.

माझा निळा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो, हे लक्षात ठेवा. आणि माझ्याजवळ खुशाल बसा.