बुद्धी यंत्राची, विवेक कोणाचा?

म्हैसूर म्हटले की राजवाडा, चंदन आणि दसरा डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आपल्या पाकिटातील अनेक नोटांचे जन्मस्थानही हेच नगर आहे! भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या कंपनीचा येथील छापखाना १९९६ पासून कार्यरत आहे.

नोट अनेक हातांतून फिरून बँकेत परतते, तेव्हा तिची पारख वर्गीकरण यंत्र करते. संशयास्पद नोटा ते वेगळ्या काढते; खऱ्या नोटांतूनही मळक्या-फाटक्या बाजूला सारते. ही झाली बुद्धी. फाटक्या नोटेचे मूल्य देण्याचा निर्णय मात्र शाखेतील अधिकारी घेतो. पन्नास रुपये वा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण, तर ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे मूल्य मिळते. तुकडा मोजणे सोपे; नोट अपघाताने फाटली की हेतुपुरस्सर कापली, हे ठरविण्यास विवेक लागतो.

आता यंत्रे नोटांप्रमाणेच खातीही पारखू लागली आहेत. फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी वापरली जाणारी ‘म्यूल’ अर्थात भाडोत्री खाती हुडकण्यासाठी बंगळुरूच्या रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने विकसित केलेल्या ‘म्यूलहंटर.एआय’ची माहिती डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. असे साहाय्य निश्चितच स्वागतार्ह आहे. पण कल्पना करा, एखाद्या शेतकऱ्याच्या शांत पडलेल्या खात्यात भूसंपादनाचा मोबदला जमा झाला आणि त्याने तो लगेच मुलांत वाटून दिला. व्यवहाराची धाटणी भाडोत्री खात्यासारखीच! खाते गोठविले गेले, तर त्याच्या घरचे लग्न वा औषधोपचार अडून बसतील.

बुद्धिमान यंत्र साम्य ओळखते. विवेकी यंत्र त्यापुढे जाऊन तीन प्रश्न विचारील: माझी खात्री किती? चूक झाल्यास किंमत कोण मोजणार? आणि अंतिम निर्णय कोणाकडे सोपवावा? आपल्या ज्ञानाची मर्यादा जाणणे, हेच शहाणपणाचे पहिले लक्षण नव्हे काय?

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात सात सूत्रे मांडली. माणसाला अग्रस्थान, उत्तरदायित्व आणि निर्णयाची आकलनक्षमता ही त्यांपैकीच होत.

तेव्हा ग्राहकांनी निर्णयाचे कारण अवश्य विचारावे. आणि आम्ही कर्मचाऱ्यांनी ‘संगणक असे सांगतो’ हे उत्तर कधीही अंतिम मानू नये.